कुलूपकाकांकडे चोर

वहिनी : …आणि हातातला जग वाकडा, ह्यांचं जग भलतीकडे. ग्लास भरला, वाहायला लागला, पाणी टेबलावरून त्या पोरीच्या मांडीवर ठिबकायला लागलं, तरी हे आपले ओततच आहेत.

वन्सं : थांबा वहिनी. मी लेकीच्या बाळंतपणाला काय गेले, मागे भाच्याचं लग्न ठरलं, आणि मला ऐकायला मिळतंय ते थेट ग्लासापासून. माझा जन्म कोर्टात साक्षी टाइप करण्यात गेला. साक्षीदार असा मधूनच सुरू झाला की न्यायाधीश पेन खाली ठेवायचे. पहिल्यापासून सांगा.

वहिनी : पहिल्यापासून म्हणजे त्या फोनपासून. तुम्ही पडद्याचं ते टोक ताणून धरा, म्हणजे माझी दुमड सरळ येईल. दोघांच्या खोलीला हे पडदे संध्याकाळपर्यंत लावायचेत. हं. तर ह्यांचं ऑफिस तुम्हाला माहीत आहे.

वन्सं : दत्तक संस्था. तिथल्या कॉम्प्युटरांत जे साठवून ठेवलंय त्याचा राखणदार माझा भाऊ. कुलूपकाका म्हणतात ना त्याला तिथे?

वहिनी : तोंडावर साहेब, पाठीमागे कुलूपकाका. आणि खोटं काय आहे त्यात? आपल्या घरच्या वायफायचा पासवर्ड इतका लांब आहे की पाहुणे टाइप करता करता कंटाळून माझ्याशी गप्पा मारायला लागतात. दर महिन्याला बदलतात. एकदा बदलला आणि स्वतःच विसरले, तर चार दिवस घरात इतकी शांतता, इतकी शांतता, की शेजारीण विचारायला आली, कोणी आजारी आहे का म्हणून.

वन्सं : तो लहानपणी पेन्सिलीच्या पेटीला दोरी बांधायचा. फोनचं सांगा.

वहिनी : सांगते. पण तिथे काय साठवलंय ते आधी ध्यानात घ्या, नाहीतर तुम्हाला ह्यांची नुसती गंमत वाटेल. पैसाअडका नाही तिथे. प्रत्येक मुलामागे एक फाइल. मूल कोणाचं, कोणी सोडलं, का सोडलं. ती आई आज कुठेतरी संसार करत असेल, घरात कोणाला पत्ताही नसेल. ती फाइल भलत्याच्या हाती पडली तर त्या बाईचं घर बसलंच म्हणून समजा. मागे एकदा एक माणूस डॉक्टरचा कोट घालून आला होता, कोणा बाईचा माग काढायला. तपासणीला लागते म्हणाला फाइल. तेव्हा सगळं लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली कपाटालाच. ह्यांनी त्याला दारातून परत पाठवलं, आणि तेव्हापासून हे असे झाले.

वन्सं : तेव्हा तो तिथे नोकरीला होता?

वहिनी : कुठली नोकरी? आम्ही आपल्या गुंड्याला घरी न्यायला गेलो होतो. मी पोराला मांडीवर घेऊन रडतेय, आणि हे त्या कपाटाकडे बघत उभे. म्हणाले, हे असं उघडं ठेवता तुम्ही? पोरगा घरी आला आणि पुढच्याच आठवड्यात ह्यांनी तिथलं काम धरलं. मग कपाटातलं सगळं कॉम्प्युटरात गेलं आणि कुलपंही त्याच्यात गेली.

वन्सं : हे मला नवीन आहे. बरं, फोन.

वहिनी : भर दुपारी आला. बाईमाणूस. आवाज जरा बसका, पण गोड. सर, तुमचे कॉम्प्युटर जी कंपनी सांभाळते तिथून बोलतेय, तुमच्या साठ्यात बिघाड झालाय, आज पासवर्ड मिळाला नाही तर सगळं पुसलं जाईल. सगळं पुसलं जाईल म्हटल्यावर कोणाचंही पाणी पाणी होईल की नाही? ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, तुमचा नंबर द्या, मी उलट फोन करतो. तिने दिला. ह्यांनी तो नंबर बाजूला ठेवला आणि कंपनीच्या खऱ्या नंबरावर विचारलं. तर तिथे अशी कोणी बाईच नाही.

वन्सं : चांगलं केलं.

वहिनी : इथे थांबायचं ना माणसाने? नाही. तिने दिलेल्या नंबरवर फोन लावला आणि तिला उपदेश केला. म्हणाले, ताई, पासवर्ड मिळायचा नाही. पण तुमचा आवाज चांगला आहे, असल्या धंद्यात कशाला वाया घालवता, रेडिओवर जा.

वन्सं : चोराला?

वहिनी : चोराला. मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, शिफारसपत्रही द्यायचं होतं. तर ह्यांना राग आला. खरं म्हणजे राग माझा नव्हता, संस्थेच्या अध्यक्षाबाईंचा होता. हे धावत त्यांच्याकडे सांगायला गेले, असा असा फोन आला, कोणीतरी आपल्या फायलींवर टपलंय. आणि बाई काय म्हणाल्या, तर बरं बरं, बघू. वर गालात हसल्या. ह्यांना ते हसणं फार लागलं. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलं, आणि धनीणच हसते.

वन्सं : हसण्याचं कारण?

वहिनी : ते कळेल पुढे. तुम्हीच म्हणालात क्रमाने सांगा. तर त्यानंतरच्या रविवारी गुंड्या म्हणाला, एक मैत्रीण येतेय जेवायला. मैत्रीण म्हणताना कान लाल. आता हा मुलगा रविवारी अकराच्या आत उठला तर मी डॉक्टरला बोलावते, तो त्या दिवशी आठला आंघोळ करून कपाटापुढे उभा. मी काय ते समजले. ती आली. उंच, सावळी, केस कापलेले, आणि आल्या आल्या चपला नीट जोडीने ठेवल्या. मला तिथेच आवडली. गुंड्याने ओळख करून दिली, ही कॉम्प्युटरमध्ये आहे. आमच्या घरी कोण कशात आहे ह्याची चौकशी एवढ्यावरच संपते.

वन्सं : म्हणजे?

वहिनी : अहो, गुंड्याला ह्यांनी पाळण्यापासून शिकवलंय, कोणी विचारलं बाबा काय करतात, तर सांगायचं ऑफिसात असतात. कुठल्या, ते नाही. पोराला तीच सवय लागलेली. त्याने तिला इतकंच सांगितलं होतं की मी दत्तक आहे, आणि बाबा ऑफिसात असतात. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला कुठून कळणार?

वन्सं : आलं लक्षात. आता ग्लास.

वहिनी : आता ग्लास. सगळे टेबलाशी बसलो. ती फारशी बोलत नव्हती, लाजली असेल म्हटलं. गुंड्याच बडबडत होता. हे पाणी ओतायला उठले. तेवढ्यात गुंड्या म्हणाला, आई, हिचा आवाज ऐकलास? परवा कामाच्या फोनवर एका गृहस्थाने हिला सांगितलं, ताई, तुम्ही रेडिओवर जा. तिने मान खाली घालून म्हटलं, अरे, ते असू दे ना. त्याच बसक्या आवाजात. आणि ह्यांचा हात तिथेच थांबला. म्हणजे वाकडाच थांबला.

वन्सं : अरे देवा.

वहिनी : मी ओरडले, अहो, पाणी. तेव्हा हे भानावर आले आणि म्हणाले, माफ करा ताई. झालं. ते 'ताई' ऐकलं आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला. दोघांनी एकमेकांना ओळखलं. एक ताटात बघतंय, एक पंख्याकडे. मी आणि गुंड्या मात्र खुळ्यासारखे हसतोय. पोरगी दोन घास खाऊन उठली, काम आठवलं म्हणाली आणि गेली. गुंड्या माझ्यावर चिडला, तुम्ही दोघांनी तिच्याकडे असं का बघितलं? मी म्हटलं, मी कुठे बघितलं, मी पाणी पुसत होते.

वन्सं : दादाने तुम्हाला कधी सांगितलं?

वहिनी : लगेच. मला न्हाणीघरात बोलावलं. नळ सोडला, भरपूर आवाज होईल असा, आणि कानाशी येऊन म्हणाले, ही ती फोनवरची आहे. चोर आहे. गुंड्याला धरून माझ्यापर्यंत आलीय. मी म्हटलं, गुंड्याला धरून? त्याला धरायचं तर आधी उठवावं लागेल. कुठला चोर एवढी मेहनत घेईल? पण ह्यांना हसू येईना. चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, मी खरं बोललो तर पोराचं मन मोडेल, गप्प बसलो तर त्या सगळ्या बायांचं घर मोडेल. नळ वाहतोय, बादली भरून सांडतेय, आणि हे तिथे स्टुलावर बसून.

वन्सं : पोलिसांत जायचं.

वहिनी : तेच म्हणाले, सोमवारी जातो. मी म्हटलं, जा, पण आधी एकदा नीट पारखा. नुसत्या आवाजावर साप साप म्हणून भुई धोपटू नका. ज्या पोरीने चपला अशा जोडीने ठेवल्या ती सरळ चोर असेल असं मला वाटत नाही.

वन्सं : चपलांचा पुरावा कोर्टात चालत नाही.

वहिनी : संसारात चालतो. तर मग ह्यांनी सापळा लावायचं ठरवलं. माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला, झटकला, चालू केला. त्यात एक फाइल ठेवली आणि वर मोठ्या अक्षरांत नाव दिलं, 'संस्थेची अत्यंत गोपनीय माहिती'. मी म्हटलं, अहो, दागिन्यांच्या डब्यावर कोणी 'दागिने' अशी पाटी लावतं का? मग विचार करून नाव बदललं, 'जुने'. लॅपटॉप बाहेरच्या टेबलावर उघडाच ठेवला आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पडद्याखालच्या पट्टीवर चिकटवला. तो चिकटवताना ह्यांनी डोळे मिटून घेतले हो. जन्मात असं पाप केलं नव्हतं त्यांनी.

वन्सं : आणि पोरगी आली कशी? ती तर घाबरून गेलेली.

वहिनी : मी फोन केला. म्हटलं, तुझं त्या दिवशी जेवण झालं नाही, शनिवारी दुपारी ये, गुंड्याही येईल. गुंड्याला मुद्दाम तासभर उशिराची वेळ दिली. ती आली. मी म्हटलं, बस, मी दूध तापायला ठेवलंय, हे बाहेर गेलेत. आणि स्वयंपाकघरात आले, तर हे दाराआड, भिंतीला पाठ लावून उभे, जसं काही बाहेर वाघ बसलाय.

वन्सं : तुम्हीही लपलात?

वहिनी : मग काय करू? दाराच्या फटीत वरच्या बाजूला ह्यांचा डोळा, खालच्या बाजूला माझा. ती बसली. इकडे तिकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे बघितलं. पुन्हा बघितलं. आणि उठली. ह्यांनी माझा दंड असा आवळला की दोन दिवस निळा होता. मागे दूध चढायला लागलं, मला दिसतंय, पण हलू देईनात. ती टेबलाशी गेली, वाकली, चिठ्ठी वाचली.

वन्सं : वाचली?

वहिनी : वाचली, आणि अशी मान हलवली, आपण पोराची गळकी पाण्याची बाटली बघून हलवतो ना, तशी. मग दोन बटणं दाबून पडदा काळा केला. झाकण मिटलं. चिठ्ठी सोलून काढली, घडी केली आणि मुठीत धरून परत जागेवर जाऊन बसली. हात मांडीवर. आणि इकडे दूध उतू गेलं.

वन्सं : चोर घरात शिरला आणि आतून कडी लावून बसला.

वहिनी : ह्यांची तीच गत झाली. फस्सकन आवाज झाला तशी ती धावत आत आली, आणि आम्ही दोघं दाराआड, एकमेकांच्या अंगावर. मी गॅस बंद करायला धावले. हे मात्र कुठे जाणार? तिने ह्यांच्या हातात ती चिठ्ठी ठेवली. म्हणाली, "काका, उघडं ठेवून उठू नये. आणि पासवर्ड असा चिकटवू नये. तुम्ही तर नाहीच नाही." तेव्हा मात्र हे सरळ झाले. म्हणाले, "फोनवर तुम्हीच होतात?"

वन्सं : हो म्हणाली की नाही?

वहिनी : ना हो, ना नाही. डोळे भरले. मग म्हणाली, "बुधवारपर्यंत मला विचारू नका, काका. बुधवारी तुम्हाला कळेल. खोटं सांगणं सोपं आहे, पण तुमच्याशी एकदा खोटं बोलून झालंय, ह्या घरात पुन्हा बोलायचं नाहीये." मी ओट्यावरचं दूध पुसत होते. मागे वळून बघितलं तर हे तिला खुर्ची ओढून देत होते.

वन्सं : आणि गुंड्या?

वहिनी : तो आला, तिघं गंभीर, घरात करपल्या दुधाचा वास. त्याला वाटलं आपलं लग्न मोडलं. बुधवारपर्यंत चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, हे कोणाशीच बोलले नाहीत, आणि मी एकटी टीव्हीशी बोलत होते.

वन्सं : बुधवारी काय झालं?

वहिनी : बुधवारचं मी तिथे नव्हते. ते ह्यांनाच विचारा. आले बघा.

(दादा मोजपट्टी घेऊन खोलीत येतात.)

दादा : पडदा चार बोटं कमी पडतोय.

वन्सं : पडू दे. दादा, बस इथे. बुधवारचं सांग.

दादा : हिने कुठवर सांगितलं?

वन्सं : दुधापर्यंत. त्या पोरीच्या मांडीवर पाणीही सांडून झालं.

दादा : मांडीवर नाही. गुडघ्यावर.

वहिनी : बघा. मुद्द्याचं बोलतील तर शपथ.

दादा : अध्यक्षाबाईंनी खोलीत बोलावलं. तिथे ती पोरगी बसलेली. शेजारी तिचे साहेब. बाईंनीच त्यांना नेमलं होतं. काम असं, की संस्थेचा साठा फोडून दाखवायचा. ज्या वाटेने जमेल त्या वाटेने. म्हणजे खऱ्या चोराच्या आधी आपल्याला भोक कळतं.

वन्सं : घरमालकानेच चोर बोलावून म्हणायचं, बघू घुसता येतं का. म्हणून हसल्या होत्या बाई.

दादा : हो. मला सांगायचं नाही असं ठरलेलं. मला सांगितलं असतं तर मी सावध राहिलो असतो, मग परीक्षा कसली? बरोबर आहे ते. पण वाईट वाटलं.

वन्सं : मग फुटला का साठा?

दादा : फुटला.

वन्सं : तुझ्याकडून?

दादा : नाही. अहवालात माझं एक वाक्य आहे. माहिती विभागप्रमुखांनी फोन परतवला, आणि फोन करणारीला पर्यायी रोजगाराचा सल्ला दिला.

वहिनी : हे अहवालात लिहिलंय, वन्सं. छापील.

वन्सं : मग आत कुठून गेले?

दादा : बाईंकडून. त्यांना एक मेल पाठवला होता. आपल्या समाजकार्याबद्दल आपली पुरस्कारासाठी निवड झाली आहे, स्वीकारण्यासाठी नाव आणि पासवर्ड भरा. त्यांनी भरला. भाषणाचा मसुदाही जोडला.

वहिनी : आता त्या काय म्हणाल्या ते सांगा.

दादा : जाऊ दे.

वहिनी : सांगा ना. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल वाढवून सांगते.

दादा : साहेबांनी सगळं वाचून दाखवलं. बाईंनी अहवालाची पानं चाळली. मग म्हणाल्या, म्हणजे पुरस्कार नाहीच का?

वन्सं : बिचाऱ्या.

दादा : बिचाऱ्या नाहीत. दुसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, माझ्या खोलीतूनच चोर आत गेला तर माझ्या खोलीपासूनच सुरुवात करा. आता दर आठवड्याला माझ्याकडे शिकायला बसतात. प्रश्न फार विचारतात.

वन्सं : म्हणजे तुझा विजय झाला. मग तोंड एवढंसं का?

दादा : माझ्यावरही एक शेरा होता. मोठा. की सगळ्या किल्ल्या एकाच माणसाकडे आहेत. उद्या हा माणूस आजारी पडला तर संस्था आंधळी. आणि उद्या हाच माणूस बिघडला, तर त्याला अडवणारं कोणी नाही.

वन्सं : हे त्या पोरीने लिहिलं?

दादा : तिनेच. माझ्या घरी येऊन गेल्यावर. एक शब्द मऊ केला नाही.

वहिनी : त्या दिवशी घरी आले ते असे तडतडत. म्हणे, मी बिघडेन? मी? इतकी वर्षं? मी आपलं जेवायला वाढलं. जेवता जेवता स्वतःच म्हणाले, बरोबर लिहिलंय तिने. आपलंच कोणी आहे म्हणून हात आखडला असता तर मी तिच्यावर कधी भरवसा ठेवला नसता.

दादा : आता दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक बाईंनी नेमलेल्या दुसऱ्या विभागप्रमुखांकडे. दोघांनी मिळून लावल्याशिवाय कुठलीही फाइल उघडत नाही. का उघडली, तेही नोंदलं जातं.

वन्सं : आणि गुंड्याला कोणी सांगितलं?

वहिनी : तिने, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, इथे बसून. आधी त्याला काही समजेना. मग समजलं तसा हसायला लागला तो थांबेना. बाबा, म्हणजे रेडिओवर पाठवणारे गृहस्थ तुम्ही? आणि आई, तू दाराआड? खोकला लागला त्याला हसून हसून. मग एकदम उठला आणि ह्यांच्या गळ्यात पडला. लहानपणीसारखा. हे आपले, अरे, अरे, चष्मा, करत राहिले.

दादा : चष्मा वाकला होता.

वहिनी : वाकू दे. तेव्हाच मी विचारलं, मग आता लग्नाचं काय ते बोला. ती म्हणाली, तुमची हरकत नसेल तर. ह्यांनी सांगितलं, हरकत एकच आहे, वायफायचा पासवर्ड सुनेलाही मिळणार नाही. तिने पर्स उचलता उचलता तो म्हणून दाखवला. सगळा. लांबच्या लांब.

वन्सं : तिला कुठून कळला?

दादा : हिने सांगितला. तिने विचारलंही नव्हतं.

वहिनी : अहो, घरात पाहुणी आली, तिला इंटरनेट नको?

वन्सं : हसू नका वहिनी, पडदा सुटेल. दादा, मला एक विचारायचंय. तू म्हणालास, आता दोन किल्ल्या लागतात. म्हणजे आतापर्यंत तू एकट्याने कुठलीही फाइल उघडू शकत होतास. नोंदीही तुझ्याच हातात, कोणाला कळलंही नसतं.

दादा : हो.

वन्सं : गुंड्याची फाइल तिथेच आहे ना?

दादा : आहे.

वन्सं : त्याने कधी मागितली?

वहिनी : तो मोठा झाला तेव्हा ह्यांनी त्याला सांगितलं होतं, तुझी फाइल आहे, हक्क तुझा आहे, म्हणशील तेव्हा रीतसर अर्ज कर. तो म्हणाला, आता नको बाबा, वाटलं तर सांगेन. अजून वाटलेलं नाही.

वन्सं : ती पोरगी आत गेली म्हणालात. मग तिने बघितली असेल.

दादा : तेच ती मला सांगायला थांबली होती. बुधवारी बाईंच्या खोलीतून निघाल्यावर, जिन्यात. आत शिरल्यावर आधी यादी दिसते. मुलाचं नाव आणि जन्मतारीख. बाकीचं सगळं फाइल उघडल्यावर. ती यादीवरून खाली येत होती आणि तिला त्याचं नाव दिसलं. जन्मतारीख तिला पाठ होती. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की मी कोण. फक्त तो तिथे आहे एवढं कळलं.

वहिनी : हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

दादा : नव्हतं सांगितलं.

वन्सं : मग काय केलं तिने?

दादा : बाहेर आली. साहेबांना सांगितलं, इथे माझं माणूस आहे, ह्यापुढे मला आत पाठवू नका. त्यांनी आत शिरणं तिथेच थांबवलं, तिच्याकडे फक्त अहवाल लिहायचा ठेवला. एकही फाइल उघडलेली नाही, मी नंतर नोंदी तपासल्या. जिन्यात मला म्हणाली, "काका, एक टिचकी मारली असती तर कळलं असतं. हात गेला होता. पण मी तिथेच थांबले."

वन्सं : आणि तू काय म्हणालास?

दादा : म्हटलं, मीही इतकी वर्षं तिथेच थांबलोय.